‘ख’ची बाटली

“...ओतलं? सगळं? मोरीत?”

“सगळं. आठ वर्षं खपला होता तो त्या औषधासाठी. आणि वर बाईंनी त्याला फाउंडेशनातून...”

पुढचं कुकरच्या शिट्टीत गेलं. जिन्यात उभ्या असलेल्या दोघीजणी आपापल्या गॅसकडे पळाल्या, आणि नागपूरच्या त्या कॉलनीत संध्याकाळपर्यंत ज्याला जे सुचलं ते त्याने पुढे जोडून घेतलं.

झालं होतं ते असं.

डॉक्टर अनसूयाबाई टिपणीस औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नव्या औषधांच्या शोधाला दरवर्षी मदत करणारं एक फाउंडेशन आहे, त्याच्या समितीवर बाई एकवीस वर्षं. कुणाची मदत चालू ठेवायची ते डिसेंबरात ठरतं. त्याआधी प्रत्येक संशोधकाने आपली वही घेऊन बाईंच्या घरी यायचं, अशी रीत. लॅपटॉप चालत नाही. वही.

सारंग भोयर त्यांचा जुना विद्यार्थी. हुशार, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांची हाडं ठणकतात, त्या ठणक्यावरचं त्याचं औषध. एटापल्लीकडच्या साठ मुलांवर चाचणी चालू होती. तीस मुलांना ‘क’ची बाटली, तीस मुलांना ‘ख’ची. एकीत औषध, दुसरीत नुसतं सरबत. कशात काय आहे, हे ना मुलांना ठाऊक, ना नर्सला, ना खुद्द सारंगला. ते लिहिलेलं सीलबंद पाकीट बाईंच्या कपाटात. चाचणी जूनमध्ये संपली, की उघडायचं.

आणि त्या आठवड्यात सारंग तिसऱ्यांदा ते पाकीट मागायला आला होता.

“बाई, एकदाच उघडा.”

“जूनमध्ये.”

“फाउंडेशनचा वार्षिक अहवाल शुक्रवारी छापायला जातोय.”

“जाऊ दे की.”

“माझं पान कोरं जाईल. मग पुढच्या वर्षी मला उभं कोण करेल? इथेच संपलं सगळं.”

बाई गच्चीच्या दाराशी उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. एक किडका दाणा त्यांनी बाजूला टाकला.

“आणि मी माझ्यासाठी नाही म्हणत,” सारंगचा आवाज चढला. “‘क’ची मुलं कण्हतायत, बाई. ती सुनंदा मडावी, नऊ वर्षांची पोर, भिंतीला धरून चालते. तिला जूनपर्यंत सरबत पाजत बसायचं? तुम्हाला इथे उन्हात बसून काय जातंय म्हणायला.”

बाईंचा हात थांबला.

“‘क’मध्ये सरबत आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“...कळतं.”

“कसं?”

“माझं औषध कडूजहर आहे. मी जरा... दोन्ही बाटल्या जिभेला लावून पाहिल्या. ‘क’ गोड. ‘ख’ कडू.”

“कधी?”

“पहिल्याच आठवड्यात.”

आणि एवढ्यावर न थांबता त्याने पिशवीतून ‘ख’ची बाटली काढून बाईंपुढे ठेवली. घ्या, तुम्हीच बघा.

बाई ओरडतील अशी त्याची तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत. दूध उतू गेल्यावर टाकतात, तेवढा सुस्कारा टाकला.

“बाटली न चाटणारा एक तरी संशोधक मला बघायचाय रे. डोळे मिटायच्या आत.”

सारंगने वही उघडायला घेतली.

“सुनंदाकडे किती वेळा गेलास?”

“वहीत आहे.”

“तोंडाने सांग.”

“...तीनदा.”

“सात महिन्यांत. आणि ‘ख’च्या मुलांकडे?”

“दर आठवड्याला. औषध लागू पडतंय का ते बघायला नको?”

“गेलास की काय करतोस?”

“काय करणार? विचारपूस. पोरांशी दोन गोष्टी बोलतो. थंडीत पाय झाकून ठेवा म्हणतो. पाणी भरपूर पाजत राहा, असं आईला बजावतो, ठणका त्याने पण कमी...”

बोलता बोलता त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला.

“थांबलास का?”

सारंगने वही मिटली.

“‘ख’ची मुलं बरी आहेत?”

“खूप बरी आहेत, बाई.”

“असतीलच.”

बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बाटली उचलली, स्वयंपाकघरात गेल्या, झाकण काढलं आणि मोरीत उपडी केली.

“बाई, माझं औषध...”

हे तो इतक्या जोरात म्हणाला, की जिन्यापर्यंत गेलं. बाकीचं गेलं नाही.

“तुझं कशावरून?” बाईंनी नळ सोडला.

“कडू आहे ना ते.”

“बाटल्या कुणाच्या देखरेखीत भरल्या?”

“तुमच्या.”

“मग चवी कुणी ठरवल्या असतील?”

सारंग उंबऱ्यातच उभा राहिला.

“म्हणजे... गोड बाटलीत औषध आहे?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग कडूमध्येच आहे.”

“तसंही म्हटलं नाही.”

“बाई, डोकं फिरायची वेळ आली माझी. एक काहीतरी सांगा.”

“डोकं कुणाचं फिरायला हवं रे? ‘क’च्या तीस आयांनी तुझी वाट बघितली.”

त्यांनी बाटली विसळली आणि ओट्यावर पालथी घातली. पाणी निथळत राहिलं.

“काय होतं हिच्यात?”

सारंगने मोरीकडे पाहिलं. आठ वर्षं ज्यासाठी खपला होता, ते तिथून वाहून गेलं होतं... किंवा दुसरंच काही.

“माहीत नाही, बाई.”

“हं.”

तेव्हा मोरीत ओतलं, हे खरं. औषध ओतलं की सरबत, ते पाकिटाला ठाऊक आणि बाईंना. आणि बाईंकडून असलं काही काढून घेणं शेजारच्यांना आजवर जमलेलं नाही. फाउंडेशनातून काढलं, हे मात्र जिन्यात जोडलेलं. चाचणी नव्याने सुरू करायची ठरली. ठणक्याची नोंद यापुढे दुसरा माणूस घेणार. अहवालात सारंगचं पान छापून आलं, त्यावर मोजून चार ओळी होत्या, आणि त्यातली एक ‘अद्याप माहीत नाही’ अशी होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सारंगने वही पिशवीत कोंबली. चेहरा असा, की शेजारची कुणी असती तर चहाला थांबवून घेतलं असतं.

“मग आता मी करू काय?” तो चिडूनच म्हणाला. “जूनपर्यंत हातावर हात ठेवून बसू?”

बाई परत शेंगांपाशी बसल्या होत्या.

“‘क’ची तीस घरं आहेत,” त्या म्हणाल्या. “एटापल्लीची गाडी सकाळी सहाला सुटते.”