रथाची धाव

केवलनाथ महाराज त्या काळी कासारखेडे गावात, नदीकाठच्या शिवालयाच्या ओवरीत राहत असत. रोज दर्शनाला येणाऱ्यांत रखमाजी सुतार होता. गडी साधा, पण हाताचा चोख. ज्याच्या घरी जसं माप, तसाच पाळणा आणि तशीच चौकट तो घडवून देई. पुढे महाराजांच्याच सांगण्यावरून त्याने नागू लोहाराला आपल्या छपराखाली भट्टी घालू दिली. लाकूड आणि लोखंड एका जागी घडू लागलं, तसा धंदा वाढला. आसपासच्या गावांतून माणसं काम सांगायला येऊ लागली, आणि बऱ्याच कारागिरांच्या चुली त्या छपराच्या जिवावर पेटू लागल्या.

हे त्र्यंबकरावांना काही पाहवेना. त्र्यंबकराव म्हणजे देवस्थानचे कारभारी, नाकावर माशी बसू न देणारे! "भुशाच्या ढिगाशेजारी विस्तव! वा रे कारखानदार!" असं म्हणत ते येताजाता दात काढत.

यात्रा तोंडावर आली आणि देवाच्या रथाचं चाक मोडलं. गावाने नवं चाक रखमाजीला सांगितलं. त्र्यंबकरावांनी चारचौघांत अट घातली, "चाक फसलं तर भट्टी विझवायची आणि छप्पर उतरवायचं. कबूल?"

"कबूल," रखमाजी म्हणाला.

चाक झकास झालं. नागूने त्याचा घेर मोजून धाव बेतली. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित आखूड ठेवायची, तापवून फुगवायची, लाल असतानाच चढवायची, आणि पाणी ओतलं की ती आवळून बसते. पण रखमाजीचा भाव आडवा आला! देवाच्या रथाचं चाक अंघोळीवाचून कसं द्यायचं, म्हणून त्याने ते रात्रभर नदीत ठेवलं. नागूला सांगायचंही सुचलं नाही.

यात्रेच्या सकाळी सगळं गाव छपरापुढे जमलं. लालबुंद धाव सांडशींनी उचलून चाकावर ठेवली. एका बाजूने बसली, दुसऱ्या बाजूने वर राहिली. घण पडू लागले, तरी ती हलेना.

"अरे, चाक वाढलं कसं?" नागू ओरडला.

रखमाजीच्या डोळ्यांपुढे नदी आली. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं! आपल्याच हाताने आपण सगळ्यांच्या पोटावर पाय दिला, हे त्याला कळून चुकलं. लोखंड निवत चाललं होतं. चाकातून धूर निघाला, एक ज्वाळा उठली आणि ठिणग्या भुशाकडे उडाल्या.

"घ्या! आता छप्पर उतरवायचीही गरज नाही," त्र्यंबकराव हसले.

महाराजांना एरवी अहोजाहो करणारा रखमाजी त्या क्षणी सगळं विसरला. ऊर फुटेस्तोवर तो ओरडला, "महाराज, धाव! धाव रे!"

"बसत नाही रे धाव!" नागू रडकुंडीला येऊन म्हणाला. त्याला वाटलं, हा पट्टीचंच बोलतोय.

"का नाही बसत?" मागून आवाज आला. गर्दी बाजूला झाली. महाराज आले, चाकाशी वाकले, आणि त्यांनी तापल्या लोखंडावर उघडा तळहात टेकवला! बायकांनी डोळे झाकले.

"बस गं माय, लेकरं घाबरलीत," महाराज म्हणाले. आणि धाव खाली सरकली, चारी बाजूंनी सारखी बसली!

"त्र्यंबका, बघतोस काय? पाणी आण!"

त्या छपरात कधी पाऊल न टाकलेले त्र्यंबकराव घागर उचलून धावले. त्यांनी स्वतः पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, आवळत्या लोखंडाखाली लाकूड करकरलं, आणि ज्वाळा विझली. चाक अखंड होतं.

त्र्यंबकरावांनी महाराजांचा हात धरून उलटा केला. तळवा थंडगार! भाजल्याची खूणसुद्धा नाही. "चुकलो महाराज," म्हणत त्यांनी पायांवर डोकं ठेवलं.

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसता आलो. हाक ज्याने मारली, तो तिकडे उभा आहे."

त्र्यंबकराव उठले. काजळीने माखलेल्या, डोळे पुसत असलेल्या रखमाजीपुढे गेले, आणि सगळ्या गावादेखत त्याच्या पायांशी वाकले.