खड्ड्याची भिंत आणि विणकरणीचे हात

एका गावात एक विणकरीण होती आणि तिला आपल्या हातांचा भारी तोरा होता. असावाच! तिच्यासारखा रेशमी पदर पंचक्रोशीत कुणाला विणता येत नव्हता.

त्या घराचा एक नियम होता: विणकराचा हात कोरडा. रेशमाला तेल लागलं की शालू वाया, म्हणून घरातली एकही बाई हाताला तेलाचं बोट लावत नसे. वर रेशीम धुवायचं ते खाराच्या कढत पाण्यात. व्हायचं तेच झालं. विणकरणीचे हात तडकले. बोटांना भेगा पडल्या, त्यांत रेशमाची तार अडकायची आणि तुटायची.

"टाचा घासायच्या वज्रीने घास," सासू म्हणाली. "आम्ही हेच केलं."

विणकरणीने घासलं. दुपारपर्यंत बोटं गुळगुळीत, संध्याकाळी आधीपेक्षा खरखरीत. तिने आणखी घासलं. एके सकाळी पाटलाच्या लेकीच्या शालूवर, काठाजवळ, रक्ताचा थेंब पडला.

सासू कडाडली, "सूनबाई, पदर सुरू व्हायच्या आत हात सुधारले तर ठीक. नाहीतर मागावर तुझी जाऊ बसेल. तू बस रेशमाच्या कांड्या भरत!"

विणकरीण रडली नाही. रडून कुणाची कातडी भरून आली आहे?

आता त्यांचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर होता. विणणारीने त्यात पाय सोडून बसायचं. त्या खड्ड्याच्या भिंतीला तडे गेले होते, म्हणून सासू लिंपायला बसली. विणकरीण मदतीला गेली आणि सवयीने भिंत खरवडू लागली.

"अगं ए, खरवडतेस काय?" सासू ओरडली. "तडकलेली भिंत खरवडली की आणखी ढासळते. आधी पाणी शिंपड. ओल आहे तोवर लिंप. आणि वाळायच्या आत पुन्हा हात फिरव, नाहीतर पोपडे धरतात. एवढंही कळत नाही?"

विणकरीण थबकली. तिने आपले हात सासूपुढे धरले. "मग आत्याबाई, या भिंतीला वज्री का?"

"हात काय भिंत आहे?"

"नाहीतर काय! कातडी आतली ओल आत ठेवते, बाहेरचा खार बाहेर अडवते. ती ढासळली म्हणून तर आग होते."

"आणि तेलाचा डाग पडला म्हणजे?"

"मागावर बसताना नाहीच लावणार. संध्याकाळी माग झाकल्यावर लावीन."

त्या दिवसापासून तिने वज्री फेकली. खारातलं रेशीम ती काठीने हलवू लागली. माग झाकला की कोमट पाण्याने हात धुवायचे, चोळायचे नाहीत, नुसते टिपायचे, आणि ओलसर असतानाच तिळाच्या तेलात मेण वितळवून केलेलं तेल-मेण लावायचं. सकाळी बेसनाने धुवायचे, चिंधीला पुसून डाग पडत नाही ना ते पाहायचं, मगच रेशमाला शिवायचं.

लगेच काही झालं नाही. सासूने टोमणे मारले, "काय गं, उजळली का भिंत?"

"लिंपण वाळायला वेळ लागतो, आत्याबाई," असं म्हणून ती पुन्हा हात भिजवायला निघून जायची. एक संध्याकाळ चुकवली नाही.

हळूहळू आग थांबली. मग भेगा मिटल्या. तेला-मेणाने कातडी शिवली नव्हती बरं का! कातडी आपली आपण विणतच होती, वज्री रोज तिचं विणकाम उसवत होती एवढंच.

पदर सुरू करायचा दिवस उजाडला. सासूने रेशमाची एक तार घेतली आणि सगळ्यांदेखत सुनेच्या बोटांवरून ओढली. तार कुठेही अडकली नाही.

"बस मागावर," सासू म्हणाली. आणि सगळे पांगल्यावर तिने आपले जन्माचे तडकलेले दोन्ही हात पुढे केले. "ते तेल-मेण जरा इकडे दे."

विणकरीण हसली. "आधी भिजवून या!"

तात्पर्य: तडकलेल्याला घासून ताळ्यावर आणायला जाऊ नका. त्याची ओल राखा आणि नेमाने राखा. भरून यायचं ते आपलं आपण भरून येतं.