सुरंगवाडीचा शेजारदोर

सुरंगवाडीत मे महिन्याच्या अखेरीस पाहुणा आला, तर त्याने जरा वाकून चालावे. पावसाळी वाऱ्यात छप्पर उडू नये म्हणून घरांच्या कोपऱ्यांतून काथ्याचे जाड दोर निघतात आणि अंगणावरून आडवे जाऊन शेजाऱ्याच्या माडाला बांधलेले असतात. आपल्या घराचा दोर आपल्याच माडाला इथे कोणी बांधत नाही. शिवाय बाकी कोकणात घराघराभोवती दगडी गडगा असतो, इथे दोन घरांच्या मध्ये गडगाही नाही. एखाद्या पाहुण्याची टोपी दोराला अडकून पडली, की म्हातारे अंकुश तांडेल ओट्यावरून हसतात, त्याला बसायला सांगतात आणि मथुरा नावाच्या बाईची गोष्ट सांगतात.

फार मागे इथे दोनच घरे होती, असे सांगतात. एक मथुरेचे, दुसरे तिचा धाकटा दीर धर्माजी याचे. मथुरेचा नवरा वारला आणि वाटण्या झाल्या. होडी, जाळी, भांडी सरळ वाटली गेली. अडले ते एका माडावर. पंचांनी तो धर्माजीला दिला. मथुरेच्या घराचा दर्याकडचा कोपरा वर्षानुवर्षे त्याच माडाला बांधला जायचा. ‘नारळ तू घे, दोर तेवढा बांधू दे,’ असे ती म्हणाली असती, तर धर्माजी नाही म्हणाला नसता. पण ती म्हणाली नाही, आणि त्यानेही आपणहून विषय काढला नाही. उलट मध्ये गडगा चढला. दोघांनी सातेरीच्या देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली, की हा गडगा ओलांडीन तर माझ्या वंशाला भोवेल.

त्या वर्षी मथुरेचा मुलगा गलबतावर गेलेला आणि घरात सून बाळंत झालेली. बाळाचे बारसे अजून व्हायचे होते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, सगळी तयारी मथुरेवर आली. ती तिने चोख केली. सुकट-बोंबील उन्हात कडक करून मडक्यांत भरले. मीठ चुलीवरच्या शिंक्यात टांगले. लाकडे माळ्यावर चढवली, छप्पर नव्या गवताने शाकारले, वाऱ्याच्या बाजूला पाऊस अडवायला झावळ्यांची झड बांधली. होडी ओढून घेऊन तीही शाकारली. राहिला दर्याकडचा कोपरा. तिच्या वाट्याच्या अंगणात त्या बाजूला झाड होते ते एकच, शेवग्याचे. शेवगा किती ठिसूळ, ते मथुरेला ठाऊक नव्हते असे नाही. तरी तिने दोर त्यालाच बांधला आणि गाठीवर गाठ मारली.

धर्माजी आपल्या अंगणातून बघत होता. त्याला राहवले नाही.

“काय गो वयनी, घर बांधलंस की शेंगा वाळत घातलंस?”

“माझा घर, माझो शेवगो,” मथुरा म्हणाली. “तू तुझे नारळ मोज.”

तो हसला आणि आत गेला. मथुरेला रात्री जेवण गेले नाही म्हणे. दोर चुकीच्या झाडाला आहे हे तिला कळत होते, आणि आता धर्माजीलाही कळले आहे, म्हणून तो सोडणे आणखी कठीण झाले होते.

मिरगाला अजून अवकाश होता. एके सकाळी कावळे किनारा सोडून डोंगराकडे गेले. दर्या गप्प पडला. दुपारी वारा सुटला तो असा, की पावसाचे थेंब दाराला खड्यांसारखे लागू लागले. मथुरेने सुनेला आणि बाळाला आतल्या खोलीत मोठ्या खाटेखाली सरकवले. तेवढ्यात बाहेर कडाड्कन आवाज झाला. शेवगा मुळापासून दोन हातांवर मोडला होता. छपराचा कोपरा उचलला गेला, आदळला, पुन्हा उचलला गेला.

मथुरा बाहेर धावली आणि मोकळ्या दोराला लोंबकळली. वाऱ्याने तिला दोरासकट फरफटत गडग्यापर्यंत नेले. पलीकडे माड होता. मध्ये कमरेएवढा दगड, आणि त्यावर तिची शपथ. आत नातू होता. शपथ मोडली तर त्याला भोवणार, आणि छप्पर गेले तरी त्यालाच. ती तिथे उभी राहून रडली, असे सांगतात.

मग तिला धर्माजी दिसला. तोही गडग्याला येऊन थांबला होता, आपल्या बाजूला.

“वयनी, माका येवक गावणा नाय!”

“तू येव नको!” ती ओरडली. “शपथ तुझी नि माझी. दोराची न्हय!”

आणि तिने दोर पलीकडे फेकला. धर्माजीने तो झेलला. पण पाणी पिऊन आखडलेला दोर माडापर्यंत हातभर कमी पडला. धर्माजीने एकदा आपल्या घराकडे बघितले. मग धावत जाऊन स्वतःच्या छपराचा एक दोर सोडून आणला, तिच्या दोराला जोडला आणि माडाला वेढे दिले.

मथुरेचे छप्पर टिकले. धर्माजीचे अर्धे उडून शेतात गेले. त्याची बायको पोरांना पोटाशी धरून भिजत उभी राहिली, मथुरेचे घर समोर असून शपथेमुळे कोणाला जाता येईना. तेव्हा, म्हणे, तो माड इतका हेलकावला की त्याच्या मुळांनी जमीन उचलली, आणि गडगा या टोकापासून त्या टोकापर्यंत ढासळला. कोणी म्हणते सातेरीनेच पाडला.

मथुरा दारातून ओरडली, “गडगो गेलो रे! आता काय ओलांडतलंस? पोरांका घेवन ये!”

पावसाळाभर दोन्ही कुटुंबे एका छपराखाली राहिली. म्हणून सगळे गोड झाले असे मात्र नाही. नारळी पुनवेला दोर सोडला आणि त्याच संध्याकाळी मथुरा आणि धर्माजी त्या माडाच्या नारळांवरून कडाकडा भांडले. पुन्हा अबोला झाला. पण पुढच्या मिरगाआधी मथुरेने काही न बोलता दोर त्याच्या अंगणात फेकला. त्यानेही काही न बोलता तो उचलून बांधला. गडगा मात्र दोघांपैकी कोणीच परत घातला नाही.

आजही वाडीत दोर असाच फेकतात, आणि ज्याच्या अंगणात तो पडेल त्याला नाही म्हणता येत नाही. आता पुष्कळ घरांवर स्लॅब आहे. तिथे दोराचे आपल्याकडचे टोक पाण्याच्या टाकीला नाहीतर पत्र्याच्या शेडला बांधतात. दोर बांधलेला असेपर्यंत भांडण करायचे नाही, हा नियम आहे. अंकुश तांडेलांचा शेजाऱ्याशी विहिरीवरून कोर्टात दावा चालू आहे. तारीख पावसाळ्यात पडली, की दोघे एकाच एसटीने तालुक्याला जातात आणि नारळी पुनवेनंतरची मागून येतात.