वळणावरचा दगड

गाढवं माणसांइतकीच शहाणी होती, त्या काळची गोष्ट. एका कुंभाराकडे आबाजी नावाचं जुनंजाणतं गाढव होतं, शिवाय रंगी आणि भुऱ्या ही आणखी दोन गाढवं. बाजाराच्या वाटेवर, वळणावरच्या दगडाला अडखळून तरणी रंगी पडली आणि पाठीवरची मडकी फुटली. आबाजी म्हणाला, "हल्लीच्या पोरींचं लक्षच नसतं." दुसऱ्या दिवशी भुऱ्या तिथेच पडला. "हा तर जन्माचा वेंधळा," आबाजी म्हणाला. कुंभाराने दोघांची पेंड बंद केली. आबाजीला ते अगदी पटलं.

तिसऱ्या दिवशी त्याच दगडाला अडखळून आबाजी तोंडावर आपटला. "मालक, भर वाटेत हा दगड कसला?" तो खेकसला. कुंभाराने दगड उचलून फेकला. त्यानंतर कुणीच पडलं नाही.

"पेंड बंद केल्यावर पोरं कशी सुतासारखी सरळ झाली," आपली पेंड चघळत आबाजी म्हणाला. "मालक, अजून महिनाभर देऊ नका."