नियम कधी सांगायचा

सोडवता येणाऱ्या गणिताकडे तुम्ही कधी नुसतं पाहत बसला आहात?

शर्वाणी कधी बसली नव्हती. बारावीचं अवकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, तिला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी मुलींच्या कॉलेजात गणिताच्या जागेसाठी तिला नमुन्याचा तास घ्यायचा होता. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. ही तिसरी जागा.

म्हणून ती आपल्या जुन्या दिगंबर गुरुजींकडे आली. त्यांनी पडवीच्या भिंतीला काळा रंग देऊन फळा केला होता. तास ऐका आणि चूक काढा, असं तिने सांगितलं. चूक निघणार नाही, याची तिला खात्री होती.

तिने गणित लिहिलं. क्ष वर्ग वजा एक, भागिले क्ष वजा एक. लगेच भागाकाराचा नियम लावला. छेद गुणिले अंशाचा अवकलज, वजा अंश गुणिले छेदाचा अवकलज, खाली छेदाचा वर्ग. खडू टकटक चालला होता.

"गाडी चुकणार आहे का तुझी?" गुरुजी म्हणाले.

ती हसली, पण थांबली नाही. आठव्या ओळीला उत्तर आलं. एक.

"बरोबर आहे ना, गुरुजी?"

"बरोबर आहे."

गुरुजी उठले. तळहाताने त्यांनी आठही ओळी पुसल्या. गणित तेवढं राहू दिलं. मग तिच्या हातातला खडू घेतला आणि मूठ मिटली.

"आता कर."

"खडूशिवाय?"

गुरुजी पुन्हा खुर्चीत बसले.

ती तशीच उभी राहिली. आधी राग आला, मग लाज वाटली. मग करायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिने फळ्याकडे पाहिलं...

"वरचे अवयव पडतात," ती हळूच म्हणाली. "आठवीतलं आहे हे. क्ष वजा एक वर आहे, खालीही आहे. उरतं क्ष अधिक एक. ही तर सरळ रेषा आहे, गुरुजी. तिचा चढ, म्हणजे अवकलज, सगळीकडे एक असणार."

"अखंड आहे?"

ती पुन्हा पाहत राहिली...

"नाही. क्ष एक असेल तेव्हा खाली शून्य येतं. तिथे एक बिंदू नाही."

"मघाशी दिसला होता?"

तिने मान हलवली. नव्हता दिसला.

मग तिने विचारलं, उद्या नियम शिकवूच नको का? निवड समितीने विषय तोच दिला आहे.

"शिकव," गुरुजी म्हणाले. "उशिरा शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भागाकाराचा नियम पंचविसाव्या मिनिटाला सांगितला. तास संपल्यावर प्राचार्यबाईंनी विचारलं, सोमवारपासून येता येईल का.