मेलवरची शाल

तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष रंगराव आबा माणूस भला, पण चूक कधी त्यांची नसायची. परवा ऐन दूध घेण्याच्या वेळी संगणक आपोआप अपडेट व्हायला बसले, वजनकाटा बंद पडला आणि कॅनची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

आबांनी संचालकांसमोरच संगणक सांभाळणाऱ्या तनुजाला झापलं. "अपडेटच्या आधी मला मेल आला पाहिजे, वेळ मी ठरवणार, असं बजावलं होतं. एकही मेल आला नाही. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"आबा, मेल दर वेळी आपोआप जातो. तुम्ही उघडत नसाल."

"मी? माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

"मग उद्याच्या बैठकीपर्यंत थांबा," तनुजा म्हणाली. खाली येऊन तिनं सेटिंग उघडलं, त्या मेलचा फक्त विषय बदलला आणि निवांत चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आबा आले ते कडक इस्त्रीत, डोक्याला फेटा बांधून. "हं, शाल-नारळ कुठाय?"

संचालक एकमेकांची तोंडं बघू लागले. "कसली शाल, आबा?"

"अरे, मेल आलाय ना. 'अध्यक्षांचा जाहीर सत्कार'."

"आत काय लिहिलंय, तेवढं मोठ्यानं वाचता का?" तनुजानं विचारलं.

आबांनी मोबाइल काढून चष्मा चढवला. "उद्या पहाटे संघाचे सर्व संगणक अपडेट..." पुढचे शब्द मिशीतच राहिले.

"नेहमीचाच मेल आहे, आबा," ती म्हणाली. "आजवर बिचारा शाल न पांघरता येत होता."

संचालकांनी हसू दाबत माना खाली घातल्या. आबांनी फेटा काढून टेबलावर ठेवला.

"राहू दे हिची नोकरी," ते म्हणाले. "आणि मेलचा विषयही तोच राहू दे."