पारावरचा कांदा

बवेरियातल्या आल्टनलिंड गावात चर्चसमोर लिंडनचं एक जुनं झाड आहे. त्याच्याभोवती दगडी पार आहे, आणि पारावरचं लाकडी टेबल मधोमध इतकं खरवडलेलं आहे की नवखा माणूस त्यावरून हात फिरवतोच. त्या खुणा सुऱ्यांच्या. दर उन्हाळ्याच्या अखेरीस प्रत्येक घरातून इथे एक वाडगा येतो. त्यात घरी केलेला ओबात्स्डा असतो. पिकून मऊ झालेलं चीज, लोणी, पाप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, शहाजिरं आणि बिअरचा शिपका, सगळं काट्याने ठेचून एकजीव केलेलं, पावाला लावून खायचं. नावाचा अर्थही नुसता 'कालवलेलं'. घरून सगळं तयार येतं, कांदा मात्र येत नाही. तो पारावरच चिरायचा, आणि तोही शेजाऱ्याच्या वाडग्यासाठी.

पाहुण्यांना झाड दाखवणाऱ्या टेरेसाआजी आधी सरळ कारण सांगतात. कांदा आधी घातला की कडवट होतो. आपण वांग्याच्या भरतात तो ऐन वेळी घालतो, तसंच हे. "एवढ्यावर समाधान असेल तर बस उभी आहे," असं म्हणून त्या पारावर ऐसपैस बसतात. बसकडे कुणीच जात नाही.

फार पूर्वी, म्हणे, इथे क्रेसेंझ नावाची बाई राहायची. हाताला चव आणि जिभेला धार. तिच्या लिझल गाईने एकदा शेजारच्या मळ्यातले कोबी फस्त केले. मळा तिच्या धाकट्या दिराचा, कोर्बिनियानचा. तो कुंपणावरून ओरडला, "फुगून मरेल तुमची गाय!" आणि दुसऱ्या दिवशी लिझलचं पोट खरोखरच नगाऱ्यासारखं फुगलं. एवढा कोबी खाल्ल्यावर दुसरं काय होणार? पण क्रेसेंझने खापर दिराच्या जिभेवर फोडलं. "आमच्या ताटातला घास तुम्हाला वर्ज्य!" ती म्हणाली. "तुमचा उंबरा मला वर्ज्य!" तो म्हणाला. लग्नात हिची पेटी माहेरून डोंगर ओलांडून पाठीवर आणणारा हाच दीर, पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडचा 'वहिनी' हा शब्द गेला.

घर लिझलच्या दुधावर चालत होतं. क्रेसेंझ गुराढोरांच्या राखणदार संताच्या देवळीकडे धावली आणि एका दमात नवस बोलली: लिझल उठू दे, तिच्या दुधाचं चीज अख्ख्या गावाला एका पंगतीत खाऊ घालीन, एकालाही वगळणार नाही. गाय उठली. आनंदाने रडत घरी येताना, वाटेत कोबीचा मळा लागला आणि बाईंचे पाय थबकले. गावात कोर्बिनियानही राहत होता!

तिने चीज लावलं आणि नवऱ्याला, अलोइसला, भावाकडे आमंत्रण घेऊन पाठवलं. उत्तर आलं, उंबरा वर्ज्य. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. इकडे चीज पिकत चाललं, मऊ पडलं, कडेने ओघळू लागलं. वास असा की अलोइस जेवायला अंगणात बसू लागला. नवस मोडला तर लिझल पुन्हा आडवी होईल, ही क्रेसेंझला धास्ती. पण खरं सांगायचं तर तिला त्या हट्टी दिराची आठवणही येत होती.

शेवटी तिने ते ओघळणारं चीज मोठ्या वाडग्यात काढलं. वास झाकायला पाप्रिका आणि शहाजिरं घातलं, पुरवठ्याला यावं म्हणून लोणी, सैल व्हावं म्हणून अलोइसच्या पेल्यातली बिअर. सगळा राग काट्यावर काढून ते ठेचलं. मग वाडगा कमरेवर घेऊन ती थेट झाडाखाली आली. पाराला कुणाचाच उंबरा नव्हता.

गाव जमलं. कोर्बिनियानही आला, पण घरून स्वतःची ताटली आणि पाव घेऊन, आणि बसला टेबलाच्या पार टोकाला. वाडगा सरकत त्याच्यापर्यंत गेला. त्याने पावाला लावून घास घेतला. सगळ्यांचे हात थांबले.

तो बराच वेळ चावत राहिला. मग खिशातून कांदा काढून चिरू लागला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "कांदा राहिला."

क्रेसेंझने अर्धा कांदा त्याच्या हातातून ओढून घेतला. "सरका, भाऊजी. चिरता तरी येतो का नीट!" तीही चिरू लागली आणि तिचेही डोळे वाहू लागले. अलोइसने विचारलं, "दोघं रडताय होय?"

"कांदा आहे!" दोघं एकदम खेकसले. त्यावर सगळा पार हसून लोटपोट झाला, असं सांगतात.

आजही त्या दिवशी ज्यांचं वर्षभरात वाजलंय, ते मुद्दाम शेजारी बसून एकमेकांसाठी कांदा चिरतात. डोळे पुसणाऱ्याला का म्हणून कुणी विचारत नाही. पाहुण्यांपैकी एखाद्याने विचारलंच, तर टेरेसाआजी त्याच्या हातात सुरी देतात आणि पलीकडे बसलेल्या त्याच्या बायकोकडे बोट दाखवतात.